सिदूअण्णांच्या नावेचा विमा

उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला कसं जायचं, असं बरेच वाचक विचारतात. सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याने टेंभुर्णी गाठा, पुढे कुणीही सांगेल. मी मात्र तिकडे पहिल्यांदा गेले ती पक्ष्यांसाठी नव्हे. सत्तरच्या दशकात, धरणाचं बांधकाम चालू असताना, बुडालेली एक नाव बघायला गेले.

मी तेव्हा सोलापुरात एका विमा कचेरीत कारकून होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून इंग्रजी फॉर्म भरायचं काम माझ्याकडे. सिदूअण्णा हे भीमेवरचे नावाडी. नवी नाव बांधल्यावर गावच्या मास्तरांनी त्यांना आमच्याकडे धाडलं होतं. फॉर्म मीच भरला. वर्षाच्या आत नाव फुटल्याची तार आली आणि आमचे सर्व्हेअर पाहणीला निघाले. "मी येऊ का, साहेब? सिदूअण्णा मला ओळखतात," असं मीच म्हटलं.

सकाळची एसटी धरली. मोहोळपर्यंत बसायला जागा नव्हती. टेंभुर्णीला उतरून चार आण्यांत चहा आणि गरम भजी, मग बैलगाडीने दोन तास. काळ्या रानातला रस्ता, हाडं खिळखिळी करणारा. साहेब छत्री सावरत म्हणाले, "नदीवरच्या विम्यात मोजके धोके असतात. आग, पूर, आदळणं, चोरी. पण सगळ्यात मोठा धोका म्हणजे मालकाने सांगायचं राहून गेलेलं." मी मान डोलावली.

काठावर नाव पालथी पडली होती. तळाची फळी बुडालेल्या बाभळीच्या खोडाने उभी फाटली होती. बाजारच्या दिवशी पलीकडे निघालेली माणसं पोहून निघाली. सिदूअण्णांचा धाकटा भाऊ तेवढा एका म्हातारीला वर ढकलताना बुडाला. त्याची बायको आम्हाला चहा देऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

सिदूअण्णा मला बघून उभे राहिले. "बाई आल्या! आता आमचं काम झालं की."

"नावेत माणसं किती होती?" साहेबांनी विचारलं.

"धा-अकरा. लई न्हाय."

"आणि पैसे घेत होतात?"

"देवाशपथ न्हाय, साहेब! बाईंनी तवाबी इचारलं हुतं. गावच्या माणसाकडनं कोण पैसं घेतं? थुकत्याल की तोंडावर." मग मोठ्या अभिमानाने त्यांनी कणगीवरचं झाकण काढलं. "सुगीला घरटी पायली-पायली जवारी येती. आजा-पणजापासनं. दोन्ही काठाची."

साहेबांची पेन्सिल चालू लागली. माझ्या हातातला चहा गार झाला. फॉर्मात विचारलं होतं की प्रवाशांना भाड्याने किंवा कोणत्याही मोबदल्यावर नेता का. पुढे रांग होती, घाई होती. मी त्यांना एवढंच विचारलं होतं, 'पैसे घेता का?' ते 'न्हाय' म्हणाले आणि मी मासेमारीची नाव म्हणून लिहून टाकलं. खाली अंगठा त्यांचा.

परतताना गाडीत साहेबांनी सरळ विचारलं, "तुम्ही हा प्रश्न त्यांना नीट समजावला होता ना?"

नोकरी कच्ची होती, घरी वडील अंथरुणावर. मी म्हटलं, "हो."

"मग खोटी माहिती त्यांनीच दिली, दावा बसत नाही," ते खिन्न होऊन म्हणाले. "वाईट वाटतं."

तुमची स्वतःची होडी असेल, पर्यटकांना फिरवणारी का होईना, तर कळकळीने सांगते: मोबदला धान्यात मिळो, मासळीत मिळो, लिहून द्या. फॉर्म दुसऱ्याने भरला तर ओळ न् ओळ वाचून घ्या. भरणारी बाई कितीही गोड बोलली तरी.

नकाराचं पत्र मीच टाइप केलं. महिन्याने सिदूअण्णा ते घेऊन सोलापूरला आले. गावात इंग्रजी कुणाला येत नव्हतं. माझ्या टेबलाशी उभं राहून म्हणाले, "बाई, वाचून दावा."

मी वाचलं. मराठीत सांगितलं. या वेळी एकही शब्द गाळला नाही.

"म्हंजी आमी खोटं बोललो, आसं लिवलंय व्हय?"

"हो."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली. नव्या नावेची आशा त्या कागदावरच होती. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आमच्यापायी तुमास्नी सायेब बोलला न्हाय न्हवं?"

आता ते गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. तुम्ही जरूर जा, पक्षी फार सुंदर दिसतात म्हणे. मी त्यांना उत्तर दिलं होतं, "नाही, अण्णा." पत्राचं भाषांतर सोडलं, तर त्या तीन भेटींत मी त्यांच्याशी खरं बोलले ते एवढंच.