म्हाताऱ्या उंदरांच्या लिव्हरमधला क्यू-टेन

"सर, हा क्यू-टेनचा एवढा मोठा पीक कुठून आला?" गाईड मॅडमनी विचारलं.

मी स्क्रीनवरचा आलेख मोठा केला. एचपीएलसी हे मशीन मिश्रणातले पदार्थ वेगळे करून आलेखावर प्रत्येकाचा एक उंचवटा काढतं. त्याला आम्ही पीक म्हणतो. लातूरकडच्या पाहुण्यांना दर वेळी सांगावं लागतं, त्याचा सोयाबीनशी संबंध नाही.

कोएन्झाइम क्यू म्हणजे पेशीला ऊर्जा तयार करायला लागणारा पदार्थ. त्याचे नाइन, टेन असे प्रकार असतात. शरीर तो स्वतःच बनवतं. वय झालं की काही अवयवांत तो कमी होतो. उंदरांत तो कुठे आणि किती कमी होतो, हा माझ्या पीएचडीचा विषय. पन्नाशीत पीएचडीला बसलेल्या माणसानं म्हातारपणच निवडावं, यात नवल नाही. मॅडम माझ्याहून लहान. त्या मला 'सर' म्हणतात आणि झापतात.

अडचण अशी की म्हातारे उंदीर बाजारात मिळत नाहीत. ते म्हातारे व्हायची वाट बघावी लागते. मी दोन वर्षं बघितली.

"उंदराचं शरीर मुख्यतः क्यू-नाइन बनवतं," मॅडम म्हणाल्या. "टेन माणसाचा. हे खाण्यातून गेलंय. आणि तरुण गटात नाही, फक्त म्हाताऱ्यांत. ॲनिमल हाउसमध्ये कोण जातं?"

"मीच."

"आणखी?"

मग मला आमचे बाबा आठवले.

बाबा देगलूरला शिक्षक होते. आई गेल्यापासून नांदेडला आमच्याकडे असतात. घरी एकटे नकोत म्हणून मी रोज संध्याकाळी त्यांना स्कूटरवर उंदरांकडे घेऊन जायचो. मी वजनं करायचो, ते म्हाताऱ्यांच्या पिंजऱ्यांसमोर स्टूलवर बसायचे. हार्टच्या डॉक्टरनं दिलेली कॅप्सूलही तिथंच घ्यायचे.

घरी आलो. ते बशीत चहा ओतत होते.

"बाबा, तुमची कॅप्सूल उंदरांना दिली?"

"दिली की. तूच म्हणून राहिला होतास, म्हाताऱ्यांत ते कमी पडतं. माझ्या पाकिटावर तेच नाव हाय. फोडून त्यांच्या खाण्यावर पिळायचो."

"पण का?"

"समोर एवढी तोंडं बसलेली अन् मी एकटाच खाऊ? अशी रीत हाय का आपली?"

"मग तरुणांना का नाही दिली?"

"त्यांना कशाला? त्यांचं अजून भागतंय."

"बाबा, न देणं हाच प्रयोग होता."

"कमी पडतं हे माहीत असून द्यायचं न्हाई? लई शिकलास."

कुठल्या उंदरानं किती खाल्लं, हे कळायला मार्ग नव्हता. अख्खा म्हातारा गट बाद. नवे म्हातारे व्हायला पुन्हा दोन वर्षं, आणि माझी नोंदणी दिवाळीला संपत होती. मॅडमनी मुदतवाढीसाठी खरंच धडपड केली. अर्ज नामंजूर झाला. नोंदणी गेली. बायकोनं दारावरच्या पाटीवर 'डॉ.'साठी जागा सोडून ठेवली होती. तिथं आता मुलीनं फुलपाखराचं स्टिकर लावलंय.

घरच्या माणसाला ॲनिमल हाउसमध्ये नेऊ नये, असा नियम आहे. मला वाटायचं, तो घरच्या माणसाच्या काळजीपोटी केलाय.

लिव्हर तपासायचं तर उंदीर मारावा लागतो. हे बाबांना मी सांगितलेलं नाही. परवा त्यांनी नवं पाकीट आणलं आणि अर्धी पट्टी कापून माझ्या हातात दिली.

"तू मला नेत न्हाईस आता. हे त्यांना देत जा. जरा हुशारले असतील की."

"हाव," म्हणालो आणि पट्टी खिशात ठेवली. पिंजरे धुऊन उन्हात वाळत घातलेत.