डाव्या अंगाची पाकळी

हे मी कुणापुढे बोललेलो नाही – बायकोपुढेही नाही. वेंगुर्ल्याच्या काजूबाजारात माझ्या तोंडाला लागायला माणसं कचरतात. डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली, आज स्वतःचा कारखाना आहे. घासाघिशीत मला कुणी हरवलेलं नाही. मग हेच सांगताना जीभ का अडते?

अण्णा आमच्या देवळाच्या धर्मशाळेत राहत. दुसरं घर त्यांना नव्हतं. संध्याकाळी पोथी सांगत. मला जे काही शहाणपण आलं, ते त्यांच्याच पायाशी बसून. एकदा भर पोथीत त्यांनी मला विचारलं, "काजीचा वजन बघलंस, त्या म्हातारेचा तोंड बघलंस काय रे?" मागून कोणीतरी ओरडलं, "सापडलो आज शेट!" सगळे हसले. मी नाही. काजू विकायला आलेल्या म्हातारीशी भाव केला, तो माझा धंदा – चारचौघांत बोलायची गरज होती? आजही वाटतं, नव्हती.

अण्णांनी धर्मशाळा सोडावी, हे गावात मीच पेटवलं. एकमत होईना, तेव्हा देवाला कौल लावायचं ठरलं. पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात. आधी उजवी पडली की होकार. गुरवाच्या हातात पाकळ्या द्यायचा मान माझा. आणि डावी देताना – हो, मीच – तिच्या पाठीला फणसाचा चीक लावला.

उजवी पडली. अण्णा नमस्काराला पुढे झाले. डावी अजून घट्ट होती. त्यांनी ती नखाने सोडवली, उपरण्याने पाषाण पुसला, वळून माझ्या बोटांकडे पाहिलं. मी भांडायच्या तयारीत. ते हळूच म्हणाले, "खोबरेल लाव रे बोटांक. पाण्यान चीक जावचो नाय."

एवढंच. गाठोडं बांधून ते सावंतवाडीला भाचीकडे गेले.

पुढे ते जत्रेला आले. माझ्या तापटपणाला गाव कंटाळलं होतं. पाकळ्यांचा मान दुसऱ्याला द्यावा, अशी बोलणी चालली होती. अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "फुलां तोच देवंदे. आता तेचो हात चुकाचो नाय." असा व्यवहार कुणी करतो? मी तर माफीसुद्धा मागितली नव्हती – आणि नंतरही मागितली नाही.

अण्णा भाचीकडेच वारले. आमच्या गावात अजून म्हणतात, देवानेच त्यांना जायला सांगितलं. देवाने सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.