भिंतीपलीकडची सुनंदा

ये गं पल्लवी, जवळ ये, तुला ओरडायचंय मला. फोन केला की "मी बरी आहे, मावशी" म्हणतेस आणि ठेवून देतेस. तुझी आईही अस्संच म्हणायची. तूच म्हणालीस, आईचं काही लपवू नका, लिहा. म्हणून लिहिते.

सुनंदाला जाऊन सात आठवडे झाले. मी दिंडोरीला लेकीकडे मेथी निवडत बसले होते, तेव्हा तुझा फोन आला. आईनं जीव दिला, एवढंच म्हणालीस.

आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांना भिंत एकच. बावीस वर्षं रोज दुपारी चारला ती लाटण्यानं दोनदा ठोकायची, म्हणजे चहा टाकलाय. मी एकदा ठोकायचे, म्हणजे आलेच. गेल्या वर्षी ते ठोकणं थांबलं. त्याआधीच्या पौर्णिमेला विहारात मी तिच्या खिरीला सगळ्यांदेखत नाव ठेवलं होतं, पाणीदार झाली म्हणून. मला वाटलं, बाई रुसली. म्हटलं, बघू आता आधी कोण ठोकतंय. पाच महिने गेले गं. पलीकडे कुकरची शिट्टी नाही, भांड्याचा आवाज नाही, आणि मी इकडे माझा मान सांभाळत बसलेली.

शेवटी खिचडी घेऊन गेले, तर ही अंथरुणातच, केसांना कंगवा नाही. म्हटलं, "अगं, एका खिरीवरून एवढं?"

"कुठली खीर, ताई?" ती म्हणाली. "लाटणं रोज हातात घेते. उचलून ठोकणं होत नाही."

मग तिला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कुणी ओळखीचं बघेल म्हणून दोघी तोंडावर पदर ओढून बाकावर बसलो. बाई म्हणाल्या, हा आळस नाही, रुसवाही नाही, हे डिप्रेशन आहे, आजार आहे. गोळ्या मला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, आणि बोलायला येत राहायचं. दोन महिन्यांनी चार वाजता भिंत वाजली. हलकीच, पण दोनदा. मी पिठाच्या हातानं धावले.

आणि पुढे मीच तिला म्हणाले, "झालीस की चांगली. आता कशाला त्या गोळ्या?" तिनं माझं ऐकलं. भिंत पुन्हा गप्प झाली. थकली असेल, म्हणत मी आठ दिवस दिंडोरीला गेले...

डॉक्टरीणबाईंना नंतर भेटले. म्हणाल्या, एका वाक्यानं माणूस जात नाही, आजार मोठा होता. असेल. पण चार वाजले की मी अजून नळ बंद करते, ऐकू यावं म्हणून.

आता तू बरी आहे म्हणालीस तरी मला कळतं गं, तुला झोप नाही, जेवण नको, कुणाशी बोलायला नको. या वेळी मी त्याला रुसवा समजणार नाही. डॉक्टरीणबाईंकडे दोघी जाऊ, पदर खांद्यावर ठेवून. तुमच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. लाटणं ओट्यावर आहे तसंच आहे. उचलायला जड वाटलं तर ठोकू नकोस, मीच येईन पलीकडे. तू फक्त ये, या रविवारीच ये.