उलटपूरचा नकाशा आणि बत्तीस सह्या

आता काय सांगू तुम्हाला, आठवलं की अजून तळहाताला घाम सुटतो. चहा घ्या आधी, माझी फजिती कुठे पळून जात नाही.

सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढे गोरेगावच्या एका स्टुडिओत पडदे रंगवणाऱ्या मास्तरांच्या हाताखाली लागलो, तेही आमच्या चाळीचे सेक्रेटरी कदमकाका यांनी शब्द टाकला म्हणून. एका शनिवारी मास्तर म्हणाले, "सुऱ्या, पिक्चरमधल्या वेड्या राज्याचा नकाशा काढून आण. सोमवारी सकाळी. जमला तर कायम, नाहीतर घरी बस."

"मास्तर, माझा भूगोल कच्चा आहे."

"म्हणून तर तुला सांगतोय!"

भांडुपच्या टेकडीवरची आमची खोली. पाय पसरायला जागा नाही, तिथे राज्य कुठलं पसरणार? रविवारी सकाळी पॅसेजमध्ये कागद अंथरला आणि पिक्चरमधलं ते राज्य, उलटपूर, काढायला बसलो. नदी डोंगर चढणारी. सिंहासन एक, राजे तीन, म्हणून तीन मुकुट. शिंकेवर जकात, तिचा नाका वेशीवर. मधोमध ज्वालामुखी, वर मोठं तळं.

तेवढ्यात कदमकाका आले. आमच्या चाळीने नळ आणि संडासासाठी म्युन्सिपाल्टीत अर्ज टाकून युगं लोटली होती, आणि काका रोज मंजूर नकाशाची वाट बघत होते.

"आला? नकाशा आला?" काका ओरडले. "ही निळी रेघ बघा! पाण्याची लाईन टेकडी चढतेय!"

"काका, ते..."

"तीन मुकुट म्हणजे तीन नळ. साहेबलोकांच्या खुणा असतात. आणि ही गोल टाकी!"

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं ना? पण ज्यांनी नोकरी लावली, त्यांना चार लोकांत खोटं कसं पाडायचं? 

शेजारच्या सावंतकाकी वाकल्या. "आणि ह्यो धूर कसलो?"

काकांनी क्षणभर विचार केला. "संडास. हवा बाहेर जायची सोय आहे."

"मधोमध म्हणजे माझ्या दारासमोर? सुऱ्या, मेल्या, आधी हलव तो!"

मी अख्खा ज्वालामुखी खोडून पलीकडे नेला. काय करणार? काकी समोर कमरेवर हात ठेवून उभ्या!

झालं, रांगच लागली. "टाकी आमच्याकडे सरकव ना यार." "आमच्या दारातनं संडास उचल, पोरीला बघायला पाहुणे येतात." मी खोडतोय, काढतोय. जकात नाका गेला. राजवाडा गेला. तळं पसरत पसरत एकतीस दारांना लागलं. दुपारी काकांनी खाली बत्तीसच्या बत्तीस बिऱ्हाडांच्या सह्या घेतल्या. "उद्या म्युन्सिपाल्टीत नेऊन दे. बघू कोण अडवतो!"

नवा कागद आणावा तर रविवार, दुकानं बंद. वाट लागली!

सोमवारी मास्तर नकाशाकडे बघतच राहिले. 

"राजवाडा कुठाय?"

"खोडला. तिथे आमच्या चाळीतल्या जाधववहिनींना कपडे वाळत घालायचेत."

"आणि ह्या सह्या?"

"प्रजेच्या."

मग एका दमात सगळं सांगून टाकलं. मास्तर रंगाच्या डब्यावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "अरे, असं राज्य मला सात जन्मांत सुचलं नसतं. आजपासून तू कायम!"

घरी आलो तर अख्खी चाळ पायऱ्यांवर उभी.

"पास?" काकांनी विचारलं.

"पास," मी म्हणालो. खरंच तर होतं! टाळ्या पडल्या. काकींनी तोंडात साखर कोंबली. ती विरघळायच्या आत मी खरं काय ते सांगितलं.

 काकांचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे... पाणी?"

"उलटपूरला येणार, काका."

"मेल्या, माझी साखर परत कर!" काकी गरजल्या.

पुढचा आठवडाभर मी टेकडीच्या मागच्या बाजूने चढून घरी येत होतो.  आई मात्र त्या सोमवारी रात्री जेवायला वाढताना हळूच म्हणाली, "काय रे, एकतीस दारं तळ्याकाठी. मग आपल्या दारात काय काढलं होतंस?"

मी ताटात बघूनच सांगितलं.

"ज्वालामुखी, आई. दुसरं कुणी घेईचना."