एका रांगेतले पोर्ट

"रांगेत! सगळं रांगेत पाहिजे!" असं म्हणत तो रॅकमधल्या निळ्या केबल्सवरून अंगठा फिरवायचा आणि मग अंगठ्याला धूळ लागली का ते उजेडात धरून पाहायचा. समोर मी त्याला साहेब म्हणत असे. इथे म्हणणार नाही.

पडघ्याजवळच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये तो नेटवर्कचा इन-चार्ज होता आणि मी त्याच्या हाताखाली. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, वस्तूंशी मऊ आणि माणसांशी खडूस. स्विचमध्ये नवं लाइन कार्ड बसवताना मात्र त्याच्याकडे बघत राहावंसं वाटे. अंगातली स्थिर वीज कार्डाला लागू नये म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधून, श्वास रोखून तो कार्ड खाचेत सरकवायचा आणि टक् असा आवाज आला की डोळे मिटायचा. तेवढ्यापुरता तो मला आवडायचा. लगेच म्हणायचा, "बघत काय बसलायस? कचरा उचल."

ज्यांना हा स्विच माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोडाऊनमधल्या सगळ्या यंत्रांना एकमेकांशी जोडणारी ही एक लोखंडी पेटी. तिच्यात कार्डं सरकवायची आणि प्रत्येक कार्डावर केबल लावायला पोर्टांची रांग. आमच्या त्या कार्डावर शेजारशेजारच्या पोर्टांच्या प्रत्येक गटाला आत जायला मिळून एकच वाट होती. कामतघरला आमच्या चाळीत एका मजल्यावरच्या सगळ्या नळांना एकच पाइप होता, तसं. ज्यांना जास्त पाणी लागतं ती सगळी बिऱ्हाडं एका मजल्यावर आणली तर काय होईल? यानं नेमकं तेच केलं. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारी यंत्रं आणि पॅकिंगचा सर्व्हर, सगळं एकाच गटात लावलं, कारण तिथे केबल्सचा जुडगा सुबक बसत होता. वर फोटो काढून हेड ऑफिसला पाठवला.

झालं, दुपारी ट्रक लागले की पॅकिंगच्या टेबलांवरचे स्क्रीन अडकायला लागले. पार्सल स्कॅन केल्यावर सर्व्हरकडून स्क्रीनवर हिरवी खूण आल्याशिवाय पुढचं उचलायचं नाही, असा नियम होता. पॅकिंगच्या बायकांपैकी बहुतेक जणी तो धाब्यावर बसवून पुढची पार्सलं भरून ठेवायच्या. रंजनाताई मात्र नियमानं वाट पाहत उभ्या राहायच्या. साहजिकच सगळ्यांत कमी पार्सलं त्यांची व्हायची.

गोडाऊनच्या मॅनेजरनं काम का अडतंय असं विचारलं तेव्हा यानं लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. "बघा, प्रत्येक पोर्ट फुल स्पीड दाखवतोय. नेटवर्क एकदम ओके. यांचे हात स्लो आहेत."

मी तिथेच बोललो. "साहेब, पोर्टचा स्पीड बरोबर आहे, पण आतली वाट सगळ्यांत वाटली जातेय. सर्व्हरची केबल दुसऱ्या गटात टाकूया. एक केबल तर हलवायचीय."

"तू मला शिकवणार? रांग मोडायची नाय!"

मॅनेजरनं त्याचंच ऐकलं. मग यानं रंजनाताईंना सगळ्या शिफ्टसमोर उभं केलं. "आंटी, इधर सोने आती हो क्या?"

"मी झोपत न्हाय साहेब. हिरवा येतच न्हाय."

सगळे हसले. त्यांचा गेटपास काढून घेतला. त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यात गेला तो गेलाच. अजूनही त्याचा विषय निघाला की माझा चहा कडू होतो.

त्याला बढती मिळाली, हे सांगायला नकोच. पुण्याला गेला. हार घालून, फोटो काढून गेला. तो गेटबाहेर पडल्याबरोबर मी सर्व्हरची केबल दुसऱ्या गटात नेली आणि स्क्रीन अडकायचे थांबले. मॅनेजरला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "त्या बाईंना परत बोलव."

मी रंजनाताईंच्या घरी गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण कामावर यायला तयार होईनात.

"काम काय, दुसरीकडं मिलालं मला. पण शिफ्टच्या सगल्या बोलतात, ही झोपायची म्हणून काढली. तुम्ही सांगून कोण ऐकणार? तो बोललेला ना, मंग त्यानीच सांगावा. एकदा सांगावा, बस."

मला एवढा राग आला होता की तिथेच ओट्यावर बसून मी त्याला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. केबल, सर्व्हर, अडकणारे स्क्रीन, सगळं सांगितलं. त्यानं मध्ये तोंड घातलं नाही, याचंच मला नवल वाटलं. शेवटी म्हणालो, "साहेब, रंजनाताईंची चूक नव्हती. एवढं एकदा शिफ्टला फोनवरून सांगा."

"कोण रंजना?"

"तुम्ही सगळ्यांसमोर उभं केलं होतं, त्या."

"अरे, अशा किती आल्या नि गेल्या. नाव नको सांगूस, टेबल नंबर सांग. मग आठवेल."

माझ्या तोंडात शिवी आली होती. पण त्याआधीच रंजनाताई फोनकडे वाकल्या, आणि त्यांनी आपला टेबल नंबर सांगितला.