माहेरची मिरी

माझ्या सासूबाई धनकुंवरबाई शेजारणीनं दिलेली साखरसुद्धा आधी जिभेवर ठेवून बघतात. कुणाकडे काळी मिरी दिसली की चार दाणे पाण्यात टाकायचे, हा त्यांचा नेम. बुडली तर मिरी, तरंगली तर पपईच्या बिया. या परीक्षेतून सूट एकालाच, त्यांच्या सावद्याच्या भावाला. अमृतलालमामा दर भाऊबीजेला मिरीची पिशवी देतात, आणि माहेरच्या वस्तूवर कसला आलाय संशय!

मिरी दळायची हातचक्की घ्यायला आम्ही जळगावात युसूफभाईंच्या भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानातली मिरी नकली असणार, म्हणून सासूबाईंनी मामांची मिरी रुमालात बांधून आणली होती. लाकडी चक्की फिरवली. "वासच नाही." काचेची फिरवली. "हिचं आतलं जातं प्लास्टिकचं दिसतंय." स्टीलची तर त्यांनी उघडायला लावली आणि आत बोट घालून तपासली. पाच चक्क्या झाल्या, तिखटपणा कशालाच नाही.

"फसवतायत, रिद्धी. चल." हे त्या युसूफभाईंच्या तोंडावर म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

युसूफभाईंनी आपला पाण्याचा ग्लास पुढे ओढला आणि रुमालातले चार दाणे त्यात टाकले. चारही तरंगले.

सासूबाईंनी ग्लास उचलून उजेडात धरला. मग रुमालाची गाठ घट्ट मारत त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं हो तुमच्याकडचं?"