दोन नळ्या, एक नाव

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात मी सोनईतल्या ज्या लॅबमध्ये कामाला होते, तिथं येणाऱ्या प्रत्येकाला एकच आकडा हवा असायचा. सीआरपी. ज्यांना जन्मात स्वतःचा रक्तगट माहीत नव्हता, ती माणसंही फोनवर एकमेकांना विचारायची, तुमचा किती आला? त्यात चुकीचं काही नव्हतं. आजारी पडलेले बहुतेक जण घरीच बरे होत. काही मात्र आठवडाभरानं एकदम ढासळत. कोण ढासळणार, याचा सुगावा माणसाला धाप लागण्याआधी त्याच्या रक्तातून लागायचा. अंगात सूज पेटली की एरवी दहाच्या आत असणारा सीआरपी चढायचा. आमचा कागद बघून डॉक्टर ठरवत, ह्याला घरी ठेवा, त्याला नगरला हलवा. बेड मोजके आणि माणसं भरमसाट.

रस्ते बंद होते, पण दूध चालू होतं. म्हणून सोनईच्या पलीकडच्या आमच्या गावाचं रक्त दुधाच्या टेम्पोतून यायचं. गावातला कंपाउंडर सकाळी घरोघर फिरून रक्त काढायचा, नळीला चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनानं नाव लिहायचा आणि बर्फ घातलेला थर्माकोलचा डबा टेम्पोवाल्याच्या हवाली करायचा. पुरुषाच्या नळीवर पुरुषाचं नाव. बाईच्या नळीवर तिच्या नवऱ्याचं नाव आणि त्याखाली 'मंडळी'. म्हणजे अमक्याची बायको. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही ही आमच्याकडची रीत, ती नळीवरही पाळली जायची. आमच्या गोठ्यातल्या प्रत्येक गाईच्या कानात पिवळा बिल्ला आहे आणि त्यावर तिचा स्वतःचा बारा आकडी नंबर. गाईच्या बाबतीत घोटाळा कुणालाच परवडत नाही.

मला हे तेव्हा खटकलं का? नाही. मीही ते 'मंडळी' रजिस्टरात मुकाट उतरवून घेत होते.

त्यात गावाकडं माझे आईवडील दोघं एकदमच आजारी पडले. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ताप दोघांनाही होता, पण दादा खाटेवर होते आणि आई चुलीपुढं. सहाव्या दिवशी कंपाउंडरनं दोघांचं रक्त काढलं. त्या दिवशी लॅबमध्ये नोंदणीला माझा सहकारी होता. डब्यात बर्फाचं पाणी झालेलं, पट्ट्या भिजलेल्या. दोन नळ्यांवर एकच नाव दिसलं. कंपाउंडर कधीकधी एका पेशंटच्या दोन नळ्या पाठवायचा, एक खराब झाली तर दुसरी असावी म्हणून. सहकाऱ्यानं एक मशीनला लावली आणि दुसरी फ्रिजमध्ये ठेवून दिली.

दादांचा सीआरपी आला एकशे अठ्ठेचाळीस. रिपोर्टवर सही माझी. सही केली आणि लगेच फोनाफोनी सुरू केली. दुपारपर्यंत नगरच्या एका खासगी दवाखान्यात बेड मिळवला. माझे चुलते दादांना गाडीत घालून घेऊन गेले. जाताना घरातलं एकुलतं एक ऑक्सिमीटरही खिशात टाकलं. आईचं रक्त घेतलंय हे मला कुणी सांगितलं नाही, आणि लाज वाटते सांगायला, मीही विचारलं नाही. आईचा रिपोर्ट आला नाही म्हणजे आईला काही निघालं नाही, असं घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं.

संध्याकाळी नगरच्या दवाखान्यानं दादांचं रक्त पुन्हा तपासलं. सीआरपी आला आठ. तिथला डॉक्टर चुलत्यांना म्हणाला, खेड्यातल्या लॅबचं काही खरं नसतं. म्हणाला, पण दादांना चालू केलेली स्टिरॉइडची इंजेक्शनं काही थांबवली नाहीत. बेड भरलेला होता, बिल चालू झालं होतं.

माझा संताप झाला. मशीन मी रोज सकाळी स्वतः तपासून घेत होते. सकाळचे एकशे अठ्ठेचाळीस संध्याकाळी आठ होत नसतात, कुठल्याही इंजेक्शननं नाही. दुसऱ्या दिवशी लॅब उघडल्या उघडल्या फ्रिजमधून दोन्ही नळ्या काढल्या. राहिलेली नळी लावली. सात. मग एकशे अठ्ठेचाळीसवाली नळी खिडकीशी नेऊन बघितली. नावाखाली शाई पसरलेली आणि त्यात एक अर्धा 'मं' उरलेला.

आई वाचली, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारा माझ्या रागाला दुःख समजेल. हा राग आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

घरी फोन लावला. आईनं उचलला. प्रत्येक दोन शब्दांनंतर थांबत होती.

"धाप का लागलीय तुला?"

"काय न्हाई गं... गोठा... झाडत हुते."

मग चुलत्यांना फोन केला. म्हटलं, "तात्या, आईला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला पाहिजे."

"तिला काय झालंय? रिपोर्ट आलाय का तिचा? न्हाई ना? मंग कशाला जिवाला घोर लावून घेतीस!"

मी फोन ठेवला आणि टेम्पोवाल्याला गाठलं. त्या भल्या माणसानं एका शब्दानं उलट विचारलं नाही. कॅन डेअरीवर उतरवले, परत फिरून आईला केबिनमध्ये बसवलं, मला वाटेत घेतलं आणि टेम्पो थेट नगरला काढला. लॅबमधलं ऑक्सिमीटर मी बरोबर घेतलं होतं. आईच्या बोटाला लावलं. पंच्याऐंशी. ती मला विचारत होती, दादांनी जेवण केलं का.

नगरमध्ये बेड नव्हताच. मला ठाऊक असलेला एकच बेड होता आणि त्यावर माझे दादा मांडी घालून केळं खात होते. रक्त ठीक, श्वास ठीक, फक्त इंजेक्शनांनी साखर चढलेली. मी त्याच डॉक्टरांपुढं दोन्ही आकडे ठेवले. त्यांनी आईकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, तुमच्या पेशंटला उतरवा, ह्यांना घेतो. खेड्यातल्या लॅबबद्दल मात्र आता चकार शब्द नाही.

चुलते आडवे आले. "मिळालेला बेड सोडायचा? येडी का खुळी तू? तुझ्याच लॅबात त्यांचा रिपोर्ट दीडशेला टेकलाय!"

"तो रिपोर्ट आईचा हाय, तात्या. दादांच्या नावानं आलेला. तुमी आईचा बेड दादांना दिलाय."

एवढ्या मोठ्यांदा मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. अख्खा वॉर्ड बघायला लागला. दादा खाली उतरले, चपला शोधल्या आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मला त्याचाही राग आला. निदान काहीतरी बोलायचं होतं.

आईला झोपवलं, ऑक्सिजनचा मास्क लावला. सिस्टर नवा केसपेपर घेऊन आली.

"पेशंटचं नाव?"

चुलत्यांनी दादांकडं बोट केलं. "ह्यांची मंडळी. ह्यांचंच नाव लिवा, म्होरं मंडळी टाका."

"अहो, नाव सांगा त्यांचं."

चुलत्यांनी दादांकडं बघितलं, दादांनी माझ्याकडं. नाव मला पाठ होतं, एका क्षणात सांगता आलं असतं. पण मला ते दादांच्या तोंडून ऐकायचं होतं. आत्ता, इथं, सगळ्यांसमोर. म्हणून मी ते सांगितलं नाही. दादांचे ओठ हलले आणि पुन्हा मिटले.

आईनं डोळे उघडले. हात वर नेऊन मास्क खाली ओढला आणि एकेका शब्दाला थांबत स्वतःचं नाव सांगितलं. नाव, मग दादांचं नाव, मग आडनाव. उशाजवळच्या मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा भराभर खाली आला. सिस्टर ओरडली, "मावशी, मास्क काढू नका!"

श्वास कमी पडत होता तो तिला एकटीलाच. आम्ही तिघं तर धडधाकट उभे होतो.